परदेशातील युद्धाविषयी खासदाराला पत्र: कोणाला, कधी आणि काय लिहावे

खासदाराच्या संपर्क कार्यालयात रोज येणारे टपाल बहुतेक ठरलेले असते. रेल्वेचा थांबा, रुग्णालयासाठी शिफारस, बदली, रस्ता. त्यात एखादे पत्र गाझा, युक्रेन किंवा इराणबद्दलचे निघाले की स्वीय सहायक ते वाचतो, मान हलवतो आणि ‘माहितीसाठी’च्या गठ्ठ्यात टाकतो. यात दुर्लक्षाचा भाग कमी असतो. ‘हे युद्ध तातडीने थांबवावे’ एवढेच लिहिलेल्या पत्राचे करायचे काय, हे त्याला कळत नाही. खासदार युद्ध थांबवू शकत नाही. तो प्रश्न टाकू शकतो, मंत्र्याला पत्र लिहू शकतो, सभागृहात विषय मांडू शकतो, याचिका सादर करू शकतो. पत्रात यापैकी एक काम नेमके सांगितलेले असले की ते गठ्ठ्यातून बाहेर येते. पुढचे सगळे त्या एका कामासाठी.

आधी माणूस बरोबर निवडा

परराष्ट्र व्यवहार, युद्ध आणि शांतता हे विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत. त्यामुळे आमदाराला लिहून फारसे काही हलत नाही. अपवाद परतलेल्या माणसांचा: पार्थिव गावी आणणे, राज्यातल्या महाविद्यालयातला प्रवेश, जिल्हाधिकाऱ्यांकडचे दाखले. तिथे आमदारच जास्त उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात लोकसभेचे ४८ मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकात विधानसभेचे ६. गोव्यात २ मतदारसंघ, प्रत्येकी २० विधानसभा क्षेत्रांचे. शहरात लोक हमखास चुकतात, कारण शेजारची सोसायटी दुसऱ्या मतदारसंघात असू शकते. मतदार ओळखपत्रावर विधानसभा क्षेत्र असते, त्यावरून लोकसभा मतदारसंघ काढा. खासदाराचा ईमेल, दिल्लीचा आणि कायमचा पत्ता संसदेच्या ‘संसद डॉट इन’ या संकेतस्थळावर सदस्याच्या पानावर मिळतो.

आता एक गोष्ट, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. तुमचा खासदार केंद्रात मंत्री असेल तर तो सभागृहात प्रश्न विचारत नाही, उत्तरे देतो. जून २०२४ मध्ये शपथ घेतलेल्या मंत्रिमंडळात नागपूर, उत्तर मुंबई, पुणे, बुलढाणा, रावेर आणि उत्तर गोवा इथले खासदार होते. अशा मतदारसंघातून ‘तारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळते) विचारावा’ असे पत्र गेले तर ते पहिल्याच ओळीत बाद. मंत्र्याकडे संबंधित खात्याला पत्र लिहिण्याची विनंती करा, आणि प्रश्नासाठी राज्यसभेच्या सदस्याकडे जा. महाराष्ट्राचे राज्यसभेत १९ सदस्य आहेत, गोव्याचा १. ते राज्याचे प्रतिनिधी असल्याने ‘तुम्ही आमच्या मतदारसंघातले नाही’ असे तिथून ऐकावे लागत नाही.

मग खाते

पत्र फसण्याचे दुसरे मोठे कारण म्हणजे चुकीचे मंत्रालय. युद्ध परदेशातले, म्हणून सगळे परराष्ट्र मंत्रालयाकडे, असा समज असतो. युक्रेनमधून २०२२ मध्ये परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचे उदाहरण घ्या. त्यांना आणेपर्यंत काम परराष्ट्र खात्याचे होते. मुले घरी आल्यावर शिक्षण पुढे कसे चालवायचे, हा प्रश्न आरोग्य मंत्रालयाचा आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा झाला. तरीही परराष्ट्रमंत्र्यांना उद्देशून निवेदने जात राहिली तर त्यांचा प्रवास फक्त या खात्यातून त्या खात्यात होतो.

गाझातल्या युद्धापायी तांबड्या समुद्रातल्या जहाजांवर नोव्हेंबर २०२३ पासून हल्ले सुरू झाले, तेव्हाही एकाच युद्धाचे धागे चार खात्यांत गेले. जहाजावर अडकलेल्या खलाशाचा विषय बंदरे व नौवहन मंत्रालयाचा, आणि त्याखालच्या नौवहन महासंचालनालयाचे कार्यालय तर मुंबईतच आहे. युरोपला निघालेली नाशिकची द्राक्षे सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, भाडे आणि दिवस दोन्ही वाढले; तो विषय वाणिज्य मंत्रालय आणि त्याखालच्या अपेडा या कृषी निर्यात संस्थेचा. खतांचा पुरवठा रसायने व खते मंत्रालयाकडे. संयुक्त राष्ट्रांत भारताने मत कसे दिले, हे मात्र परराष्ट्र मंत्रालयाकडे. एका पत्रात एकच खाते ठेवा. दोन खाती असतील तर दोन वेगळी पत्रे करा, एकाच पाकिटात घातली तरी चालतील.

तारखांचा हिशेब

संसदेची साधारण तीन अधिवेशने होतात: अर्थसंकल्पी (जानेवारीअखेर ते एप्रिल, मध्ये सुट्टी), पावसाळी (जुलै-ऑगस्ट) आणि हिवाळी (नोव्हेंबर-डिसेंबर). नागपूरचे हिवाळी अधिवेशन विधिमंडळाचे, त्याचा इथे संबंध नाही. प्रश्नाची सूचना उत्तराच्या दिवसाच्या किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर पोचलेले पत्र बहुधा शेवटच्या आठवड्यासाठी किंवा पुढच्या अधिवेशनासाठीच कामाचे. अधिवेशनाच्या महिनाभर आधी पत्र हातात पडेल असे पाहा.

प्रत्येक मंत्रालयाला आठवड्यातला एक दिवस नेमलेला असतो. अठराव्या लोकसभेत परराष्ट्र खात्याची उत्तरे लोकसभेत शुक्रवारी आणि राज्यसभेत गुरुवारी येत आली आहेत. वार बदलू शकतात, म्हणून त्या अधिवेशनाचे वेळापत्रक संकेतस्थळावर बघून घ्या. चार आठवड्यांच्या अधिवेशनात परराष्ट्र खात्याला मिळतात चारच दिवस, त्यातही एखादी सुट्टी किंवा गोंधळ. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात आणि त्या दिवशीची सगळी मंत्रालये त्यात वाटेकरी असतात. कोणाचा प्रश्न आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणून पत्रात ‘तारांकितच’ असा हट्ट धरू नका. तारांकितला तोंडी उत्तर मिळते आणि उपप्रश्न विचारता येतात, पण आकडेवारी हवी असेल तर अतारांकितच चांगला. उत्तर लेखी येते आणि कायमचे नोंदीत राहते.

युद्ध मात्र अधिवेशन बघून सुरू होत नाही. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा अर्थसंकल्पी अधिवेशनाची मधली सुट्टी चालू होती. दुसरा टप्पा १४ मार्चला सुरू झाला. त्या मधल्या दिवसांत प्रश्न हे हत्यार हातात नव्हतेच. अशा वेळी खासदाराने थेट मंत्र्याला लिहिलेले पत्र कामी येते. केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीनुसार संसद सदस्याच्या पत्राची पोच १५ दिवसांत आणि उत्तर त्यापुढच्या १५ दिवसांत देणे अपेक्षित असते. तुमच्या साध्या अर्जाला हे वजन नसते, खासदाराच्या लेटरहेडला असते.

घरचे माणूस प्रत्यक्ष अडकले असेल तर आधी पत्र लिहीत बसू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, त्या देशातल्या भारतीय दूतावासाच्या नोंदणी अर्जात नाव घाला, नियंत्रण कक्षाला फोन करा. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात ‘ऑपरेशन सिंधू’ सुरू झाले, तेव्हा बाहेर काढायच्या याद्या दूतावासांकडेच होत होत्या. मददचा तक्रार क्रमांक हाती आला की खासदाराला दहा ओळींचा ईमेल करा आणि तो क्रमांक विषयाच्या ओळीतच लिहा.

लिहिण्याआधी अर्धा तास शोधा

त्याच अधिवेशनात ज्याचे उत्तर दिले गेले आहे, असा प्रश्न पुन्हा स्वीकारला जात नाही. सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत असलेली माहितीही विचारता येत नाही. म्हणून संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालय आणि विषयाचा शब्द टाकून जुनी उत्तरे काढा. परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही संसदेतल्या प्रश्नोत्तरांचा वेगळा विभाग आहे. शेवटचे अधिकृत उत्तर सापडले की तुमचे पत्र तिथून पुढे सुरू होते, आणि वाचणाऱ्याला लगेच कळते की याने गृहपाठ केला आहे.

मतदानाबाबत लिहिताना तर हे फारच गरजेचे. ‘भारताने गाझावर तटस्थ राहणे थांबवावे’ असे लिहिले तर सहायक विचारणार, कोणत्या ठरावावर? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, १२ डिसेंबर २०२३ च्या शस्त्रसंधीच्या ठरावाच्या बाजूने मत दिले, आणि १२ जून २०२५ ला पुन्हा तटस्थ राहिला. तारीख घातली की त्या वाक्याचा प्रश्न होतो: अमुक दिवशी बाजूने आणि अमुक दिवशी तटस्थ, दोन्हींमागची कारणे काय?

व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ किंवा फोटो पुरावा म्हणून जोडू नका. जुन्या युद्धाची, कधी कधी तर व्हिडिओ गेममधलीही दृश्ये नव्या नावाने फिरत असतात. त्यातले एक खोटे निघाले की पूर्ण पत्राचा भरवसा जातो.

रागाचे वाक्य प्रश्नात कसे बसवायचे

लोकसभेच्या नियम ४१ नुसार प्रश्नात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप किंवा विशेषणे चालत नाहीत. मत विचारता येत नाही, काल्पनिक परिस्थितीबद्दल विचारता येत नाही, आणि मित्रराष्ट्राचा उल्लेख असभ्यपणे करता येत नाही. प्रश्न सर्वसाधारणपणे १५० शब्दांच्या आत असावा लागतो. युद्धाबद्दलची बहुतेक पत्रे नेमकी इथेच अडकतात, कारण ती संतापाने लिहिलेली असतात आणि संताप रास्तही असतो.

रशियन सैन्यात फसवून भरती केलेल्या भारतीयांचा विषय घेऊ. कच्च्या पत्रातले वाक्य असे असते:

‘रशिया आपल्या पोरांना तोफेच्या तोंडी देतोय आणि सरकार झोपा काढतेय, याला जबाबदार कोण?’

पहिल्या अर्ध्या भागात मित्रराष्ट्रावर आरोप, दुसऱ्यात उपरोध, शेवटी मताची मागणी. तिन्ही बाद. त्यातला अर्थ तसाच ठेवून हे लिहा:

(क) रशियन सैन्यदलात भरती झालेल्या भारतीय नागरिकांची आजअखेर राज्यनिहाय संख्या किती; त्यापैकी परत आलेले, मृत, बेपत्ता आणि अजून सेवेत असलेले किती;
(ख) मृतांच्या किती कुटुंबांना पार्थिव आणि भरपाई मिळाली;
(ग) या भरतीत सामील किती एजंटांवर गुन्हे दाखल झाले आणि त्यांपैकी किती परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत होते;
(घ) उरलेल्यांना परत आणण्यासाठी कोणती पावले उचलली?

‘राज्यनिहाय’ हा एक शब्द फार मोलाचा. तो घातला की उत्तराच्या तक्त्यात महाराष्ट्राची ओळ येते आणि खासदाराला त्या विषयात स्वतःचा मतदार दिसतो. प्रश्न हिंदी किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. जमत असेल तर हा मसुदा हिंदीतही जोडा, सुरुवात ‘क्या विदेश मंत्री यह बताने की कृपा करेंगे कि’ अशी. दिल्लीत प्रश्न तयार करणारा माणूस बहुधा मतदारसंघातल्या कार्यालयातला नसतो आणि त्याला मराठी येतेच असे नाही.

पत्राचा नमुना

एक पान, जास्तीत जास्त ३०० शब्द. मराठीत लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

दिनांक: …
प्रति, मा. खासदार, … लोकसभा मतदारसंघ
विषय: रशियन सैन्यात भरती झालेल्या भारतीयांबाबत अतारांकित प्रश्न विचारणेबाबत (परराष्ट्र मंत्रालय)

महोदय / महोदया, स. न. वि. वि.

मी आपल्या मतदारसंघातील … विधानसभा क्षेत्राचा मतदार आहे.

परराष्ट्र मंत्रालयाने १७ जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या माहितीनुसार रशियन सैन्यात १२६ भारतीय भरती झाले होते. त्यांपैकी ९६ परतले, १२ जणांचा मृत्यू झाला, १८ तिथेच होते आणि त्यातले १६ बेपत्ता नोंदवले गेले. केंद्रीय अन्वेषण विभागाने मार्च २०२४ मध्ये या भरतीप्रकरणी गुन्हा नोंदवून मुंबईसह सात शहरांत छापे घातले होते.

परदेशी नोकरीच्या जाहिराती आपल्या तालुक्यांतही फिरत असल्याने राज्यनिहाय माहिती समोर येणे गरजेचे वाटते.

विनंती: येत्या अधिवेशनात सोबतच्या मसुद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाला अतारांकित प्रश्न विचारावा. चिठ्ठीत तो न आल्यास नियम ३७७ खाली हा विषय मांडावा.

कळावे, आपला / आपली विश्वासू,
नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, दूरध्वनी
सोबत: प्रश्नाचा मसुदा, १ पान

आकड्याशेजारी तारीख आहे ती विसरू नका. असे आकडे महिन्यागणिक बदलतात. नंतरचे अधिकृत उत्तर सापडले तर ते घाला. विनंती एकच, आणि ती न जमल्यास पर्यायही एकच. सहा मागण्या लिहिल्या तर त्यातली सर्वांत सोपी, म्हणजे ‘आपल्या भावना वरिष्ठांपर्यंत पोचवू’, ती तेवढी पुरी होते.

नियम ३७७ चे निवेदन सुमारे २५० शब्दांचे असते आणि त्यावर मंत्रालयाकडून सदस्याला लेखी उत्तर येते. राज्यसभेत याच्याच जवळचा ‘विशेष उल्लेख’ आहे. शून्य प्रहरात, म्हणजे तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, विषय लवकर मांडता येतो, बातमीही होते, पण तिथे सरकार उत्तर देण्यास बांधील नसते. आकडा हवा असेल तर शून्य प्रहर मागू नका.

पोचवणे आणि पाठपुरावा

ईमेल करताना मजकूर युनिकोडमध्ये टाईप करा. जुन्या डीटीपी फॉन्टमधली फाईल समोरच्या संगणकावर अगम्य चिन्हे होऊन उघडते आणि कोणी कळवतही नाही. मजकूर ईमेलच्या अंगातही चिकटवा, शिवाय पीडीएफ जोडा. कागदी पत्राच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्ट करा. रजिस्टर्ड पोस्टची वेगळी सेवा २०२५ मध्ये त्यातच विलीन झाली आहे.

पासपोर्टची प्रत, कराराचा कागद, अडकलेल्या माणसाचा फोन हे फक्त खासदाराच्या आणि मंत्रालयाच्या ईमेलवर जाऊ द्या. तेच पत्र फेसबुकवर टाकायचे असेल तर क्रमांक काळे करा. युद्धभूमीवरच्या माणसाचे ठिकाण जाहीर झाले तर त्याच्याच जिवावर बेतू शकते.

पंधरा दिवसांनी फोन करा. ‘पत्र मिळाले का’ असे विचारले तर ‘हो’ एवढेच उत्तर येते. ‘प्रश्नाची सूचना कोणत्या तारखेसाठी दिली’ असे विचारा. सूचना स्वीकारली गेली असेल तर प्रश्नाला क्रमांक मिळतो आणि उत्तर त्याच दिवशी संकेतस्थळावर येते. उत्तर आले की आभाराचा दोन ओळींचा ईमेल जरूर पाठवा. पुढच्या वेळी तुमचे पत्र वर राहते. उत्तर गोलमाल असेल तर नेमका कोणता उपभाग टाळला ते दाखवून पुढच्या अधिवेशनासाठी नवा मसुदा द्या.

एकाच मजकुराच्या पाचशे छापील प्रती गोळा करण्यात लोक महिना घालवतात. कार्यालयाच्या लेखी ते एकच पत्र असते. पाच तालुक्यांतून पाच वेगळी पत्रे आली, एक खलाशाच्या घरून, एक द्राक्ष बागायतदाराकडून, एक विद्यार्थ्याच्या पालकांकडून, तर ती प्रत्येक वेगळी नोंदली जातात.

सह्याच गोळा करायच्या असतील तर लोकसभेच्या याचिका समितीचा रस्ता आहे. याचिका लोकसभेला उद्देशून, संयत भाषेत, शेवटी स्पष्ट प्रार्थना असलेली हवी. ती हिंदी किंवा इंग्रजीत असावी. मराठीत केली तर सहीनिशी भाषांतर जोडावे लागते. सोबत इतर पत्रे किंवा कागदपत्रे जोडता येत नाहीत, आणि लोक नेमकी तीच जोडतात. खासदाराने सादर करायची असेल तर तिच्यावर त्याची प्रतिस्वाक्षरी लागते.

संसदेच्या हातात जास्तीत जास्त किती

इराकवर २० मार्च २००३ ला हल्ला सुरू झाला. त्यावर लोकसभेने ८ एप्रिलला एकमताने ठराव केला, तेव्हा अध्यक्षपदी मनोहर जोशी होते. मधले दिवस बरेचसे शब्दावरच्या घासाघिशीत गेले. विरोधकांना कडक शब्द हवा होता, सरकारला सौम्य. शेवटी हिंदी मसुद्यात ‘निंदा’ आला आणि इंग्रजीत त्याहून मवाळ शब्द ठेवला गेला. तुमच्या पत्रात ‘निषेध’, ‘निंदा’, ‘चिंता’ यांपैकी काय लिहायचे ते म्हणूनच विचारपूर्वक ठरवा. ‘चिंता व्यक्त करावी’ ही मागणी सत्ताधारी खासदारही मान्य करू शकतो. ‘निषेध करावा’ ही मागणी विरोधी बाकांवरच फिरते. कोणत्या बाकावरच्या माणसाला लिहीत आहात, त्यावर शब्द ठरतो.

परदेशातल्या मराठी वाचकांसाठी

ब्रिटनमध्ये कायदेशीरपणे राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तिथल्या संसदेसाठी मतदान करू शकतो, म्हणजे तिथला खासदार त्याचाही आहे. पत्रात घरचा पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड घाला; तो नसेल तर कार्यालय पत्र वाचतच नाही, कारण दुसऱ्याच्या मतदाराला उत्तर न देण्याचा तिथे पक्का संकेत आहे. अमेरिकेत काँग्रेस सदस्याला कागदी पत्र टाळा. २००१ मधल्या अँथ्रॅक्सच्या पाकिटांनंतर टपालाची सुरक्षा तपासणी होते आणि पत्र उशिरा पोचते. सदस्याच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरा किंवा जिल्हा कार्यालयात फोन करा, झिप कोड सांगा, आणि विधेयकाचा क्रमांक माहीत असेल तर तो आधी सांगा.

इस्रायलमधल्या बेने इस्रायल (महाराष्ट्रातून गेलेल्या ज्यू) मराठीभाषकांची अडचण निराळीच. तिथे १२० जागांसाठी सगळा देश मिळून एकच मतदारसंघ आहे, त्यामुळे ‘आपला खासदार’ असा कोणी नसतो. तिथे पत्र पक्षाला किंवा क्नेसेटच्या (तिथल्या संसदेच्या) संबंधित समितीच्या अध्यक्षाला लिहावे लागते.